करून बघितलंय का ऐकलंय?

अक्का मोबाईलवर बोलायच्या आधी डोक्यावर पदर घ्यायच्या. समोर कुणी नसायचं. स्वयंपाकघरात त्या एकट्या, ओट्यावर पिठाच्या डब्याला टेकवलेला मोबाईल, बस्स. तरी पदर सारखा करायचा, घसा खाकरायचा, माईकच्या खुणेवर अंगठा दाबून धरायचा आणि सुरू. "मंडळी, राम राम. मी वाशीवरून बोलते. मुंबईकडच्या वाशीवरून न्हाय, धाराशिव जिल्ह्यातल्या वाशीवरून. आज आमच्याकडं मेथीची भाजी केलीया. आता माझी अडचण ऐका."

मेथीच्या भाजीचा त्या अडचणीशी काडीचा संबंध नसायचा. मी एकदा म्हटलं, अक्का, लोकांना वेळ नसतो, मुद्द्याचं बोलत जा. तर माझ्याकडं वळून म्हणाल्या, "कुणाच्या दारात गेल्या गेल्या मागायला लागती का गं तू? आधी दोन शब्द बोलती का न्हाय?" मी माझा चहा उचलला आणि वर गेले.

मी त्यांची भाडेकरू. सरकारी दवाखान्यात गोळ्या वाटायच्या खिडकीवर माझी नोकरी. बदली होऊन वाशीला आले आणि अक्कांच्या माडीवरच्या खोलीत तीन वर्षं काढली. स्वभाव माझा तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. दिवसभर 'ही जेवणाआधी, ही जेवणानंतर' एवढंच बोलत बसायचं म्हटल्यावर माणूस तापट होणार नाही तर काय होणार. आणि त्यात घरी यावं, तर खाली ओट्याजवळ अक्का पदर सारखा करताहेत आणि चंद्रपूरच्या कुणाला तरी विचारताहेत की पित्तावर काय घ्यावं. डोक्यावर औषधवाली राहते, ती पगार त्याचाच घेते, आणि ही बाई विचारणार चंद्रपूरला! पहिलं वर्षभर मला त्याचा फार राग यायचा. नंतर सवय झाली, आणि नंतर तर मीच जिन्यावर बसून ऐकायला लागले.

ग्रुपचं नाव 'अडलं-नडलं'. कोकणातल्या कुणा बाईंनी सुरू केलेला. त्यात कोण कुठली माणसं होती देव जाणे, पण चारशेच्या वर होती. मिक्सरचं भांडं अडकलंय, कुकरची शिट्टीच होत नाही, भिंतीला ओल येते, पोरगं अंथरूण ओलं करतं, जावयाला साखर झालीय तर गोड काय करू, असे तिथले प्रश्न. अक्का चौथी शिकलेल्या. अक्षर लावून वाचायच्या, पण मोबाईलवरचं बारीक अक्षर पळायला लागलं की त्यांना जमायचं नाही. म्हणून त्या सगळं बोलून पाठवायच्या, आणि पुढं पुढं लोकही 'अक्का, हे खास तुमच्यासाठी' म्हणून बोलून पाठवायला लागले. आवाज पूर्ण मोठा ठेवून अक्का ते ऐकायच्या. एकट्याला ऐकायला मोबाईल कानाला लावता येतो हे त्यांना माहीत होतं. पण तसं कानात कुजबुजणं त्यांना चोरटं वाटायचं.

या ग्रुपवर त्यांचा एक कायदा होता आणि तो त्यांनी स्वतःच स्वतःला लावलेला. मी नवी असताना एकदा त्यांच्याकडून वाटीभर साखर आणली आणि दोन दिवसांनी वाटी धुऊन परत दिली. अक्कांनी वाटीत बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. "रिकामीच आणली व्हय?" म्हणाल्या. आमच्याही घरी हे पाळतात, शेजारच्यांची वाटी रिकामी परत जात नाही, चिमूटभर का होईना काहीतरी घालून देतात. पण नोकरीच्या गावी कोण लक्षात ठेवतं. तर हा वाटीचा नियम अक्कांनी ग्रुपला लावला होता. आधी कुणाच्या तरी प्रश्नाला उत्तर द्यायचं, मगच आपला प्रश्न विचारायचा. आपल्याला येईल असा प्रश्न ग्रुपवर पडेपर्यंत त्या थांबायच्या. एकदा ऐन उन्हाळ्यात त्यांचा कूलर बंद पडला, तरी दीड दिवस नुसत्या ऐकत बसल्या. "अक्का, विचारून तर टाका," मी म्हटलं. "कसं विचारू? आजून कुणाला काय दिलंच न्हाय." शेवटी कुणा नव्या नवरीनं विचारलं की भाकरी थापताना फाटते, काय करू. अक्कांनी झडप घातली. पाणी किती गरम, पीठ किती मळायचं, सगळं साग्रसंगीत सांगितलं आणि त्याच दमात कूलरचं विचारून घेतलं.

या नादात एकदा फसल्याही. जळगावकडच्या एका बाईंचं कैरीचं लोणचं दरसाल बुरसायचं. अक्कांनी शेजारणीकडून कधीतरी ऐकलेलं काहीतरी सांगितलं, आणि त्या बाईंची पाच किलोची बरणी पंधरा दिवसांत गेली. त्या बिचाऱ्या काही रागावल्या नाहीत. पण अक्कांनी पदर घेतला आणि चारशे माणसांसमोर सांगितलं, "माझं चुकलं. म्या करून न बघता ऐकीव सांगितलं." वर स्वतःच्या लोणच्याची एक बरणी कापडात शिवून बसच्या पार्सलनं जळगावला धाडली. त्या दिवसापासून त्यांच्या तोंडी एक प्रश्न बसला. कुणीही कसलाही उपाय सांगो, अक्कांचं उलट ठरलेलं: "करून बघितलंय का ऐकलंय?"

भलेभले या प्रश्नापुढं गार व्हायचे. आमच्या गच्चीवरच्या टाकीत शेवाळ धरायचं. एका निवृत्त गृहस्थांनी लांबलचक उपाय सांगितला, तुरटी किती, कशी फिरवायची, किती वेळ पाणी निवळू द्यायचं. अक्कांनी विचारलं, करून बघितलंय का ऐकलंय? गृहस्थ प्रामाणिक होते, म्हणाले, कुठंतरी वाचलंय. "मग आधी तुमच्या टाकीत करा. आठ दिवसांनी कसं झालं ते सांगा. तवर मी थांबते." आणि खरंच थांबल्या. आठ दिवस मी हिरव्या पाण्यानं अंघोळ केली. नवव्या दिवशी गृहस्थांचा आवाज आला, टाकी स्वच्छ झाली म्हणून, आणि मग आमच्याकडं तुरटी आली. त्या आठ दिवसांत मी अक्कांशी किती भांडले ते सांगत नाही.

अण्णा या सगळ्याला हसायचे. अण्णा म्हणजे अक्कांचे मालक. उंचेपुरे, पांढऱ्या मिशा, आवाज असा की गल्लीच्या टोकाला ऐकू जावा. बारा एकर कोरडवाहू होती, ती ते करायचेच. पण पंचक्रोशीत त्यांची ओळख वाढपी म्हणून. लग्न असो, बारसं असो, कुणाचं तेरावं असो, पंगत बसली की वरणाची बादली अण्णांच्या हातात. तीस वर्षं. कुणाला किती लागतं हे त्यांना तोंडाकडं बघून कळायचं म्हणे. डाव्या हातात बादली, उजव्या हातात ओगराळं, आणि एक थेंब कधी कुणाच्या धोतरावर पडला नाही. अक्का ग्रुपवर बोलायला लागल्या की बैठकीतल्या पलंगावरून ते मला हाक मारून म्हणायचे, "गेली बघा आमची बाई जगाला इचारायला."

मी तिथं असतानाच एका वर्षी शिमग्याच्या सुमाराला अण्णांना लकवा मारला. वाचले. बोलणं शाबूत राहिलं, पाय दोन-तीन महिन्यांत काठीच्या आधारानं चालता झाला. उजवा हात मात्र गेला. त्यांच्या गोळ्या मीच आणून द्यायचे, तेव्हा मला वाटायचं की या घरातलं मला सगळं ठाऊक आहे. पण दुपारी एक वाजता आणि संध्याकाळी सात वाजता खालचं दार आतून लागायचं, आणि ते का लागतं हे मला सात महिने कळलं नाही. भावकीतली माणसं भेटायला आली, जेवायची वेळ झाली, की अण्णा सांगायचे, मला पथ्य आहे, डॉक्टरांनी वेळ बांधून दिलीय, तुम्ही बसा. मला वाटायचं, असेल.

मग नवरात्र आलं. आमच्या जिल्ह्यात घट बसले की मोबाईलमधल्या झाडून साऱ्या ग्रुपांच्या चित्रात तुळजापूरची देवी येते. एरवी कुणाच्या ग्रुपला वेस असेल, कुणाच्या ग्रुपला शाळा असेल; पण त्या नऊ दिवसांत सगळीकडं आईचा मुखवटा. अक्का ग्रुप ओळखायच्या ते चित्रावरून. 'अडलं-नडलं'ला एरवी कुलूप-किल्लीचं चित्र असायचं आणि भावकीच्या ग्रुपला गावच्या वेशीचं. त्या दिवशी दोन्हीकडं देवी. अक्कांनी पदर घेतला, अंगठा दाबला आणि बोलल्या. मी तेव्हा दवाखान्यातून येऊन जिन्यावर चपला काढत होते, म्हणून शब्दन् शब्द ऐकला.

"मंडळी, राम राम. मी वाशीवरून बोलते. आज घट बसले, उपास हाय, भगर केलीया. आमच्या मालकांचा उजवा हात गेलाय हे तुमाला ठाऊक हाय. त्यांना डाव्या हातानं जेवायची लाज वाटती. डावा हात कशाला असतो ते सगळ्यांना ठाऊक हाय, म्या काय सांगू. सात महिने झाले, दार लावून मी त्यांना घास भरवते. लोकांना सांगितलंय की पथ्य हाय. पथ्य-बिथ्य काय न्हाय. आता दिराच्या लेकीचं लग्न धरलंय. थोरला चुलता हाय, आन म्हणतेत की मी अक्षता टाकून उपाशी माघारी येईन पर पंगतीला बसणार न्हाय. कुणाच्या घरी असं झालं आसंल तर सांगा."

पाचव्या मिनिटाला फोन वाजला. अण्णांचे धाकटे भाऊ, तात्या, तेर गावात राहतात. लग्न त्यांच्याच मुलीचं. "वहिनी," ते एवढंच म्हणाले, "ते तुमचं बोलणं भावकीच्या ग्रुपवर पडलंय."

मी धावत खाली गेले. मोबाईल हिसकावून घेतला आणि म्हटलं, अक्का, काढून टाकता येतं, सगळ्यांच्या मोबाईलमधून जातं, थांबा. अक्कांनी माझा हात धरला. "कुणी ऐकलं?" मी बघितलं. एकोणीस जणांनी. "मग त्यांच्या कानातनं कसं काढणार?" त्यांनी मोबाईल परत घेतला आणि ओट्यावर ठेवला. "राहू दे."

एकोणीस जणांत पलंगावरचे अण्णा धरले तर वीस. आवाज पूर्ण मोठा ठेवायची अक्कांची सवय तुम्हाला सांगितलीच आहे, त्यात बोलणंही बैठकीत ऐकू जाईल असंच. रात्री दार लागलं आणि लगेच उघडलं. अण्णांनी घास घेतला नव्हता. "बोलीव तुझ्या ग्रुपला भरवायला," एवढं म्हणाले आणि भिंतीकडं तोंड केलं. दोन दिवस त्या माणसानं चहात बुडवून बिस्किटं खाल्ली, कारण तेवढं कुणाच्या मदतीशिवाय होत होतं. भावकीच्या ग्रुपवर जोडलेल्या हातांच्या रांगा लागल्या होत्या. कुणी हळहळलं, कुणी 'आम्हाला सांगायचं तरी' म्हणून रुसलं. अक्का उपाशीपोटी, घटापुढं दिवा, आणि पदर तोंडात धरून रडताहेत, असं मी त्यांना एकदाच पाहिलं. मलाही रडू आलं. चीडही आली, अण्णांची, अक्कांची, त्या देवीचं चित्र लावणाऱ्यांची, सगळ्यांचीच.

तिसऱ्या दिवशी अक्कांनी डोळे धुतले आणि मला हाक मारली. "ह्यातला बरोबर कुठला ते दाखीव." मी दाखवला. त्यांनी पदर घेतला. "मंडळी, राम राम. आज माझ्याकडं तुमाला द्यायला काय न्हाय. आज नुसतंच मागते." आणि सगळं पुन्हा सांगितलं, पहिल्यापासून, आवाज तितकाच मोठा ठेवून. पलीकडं अण्णा जागे होते. अक्कांना ते ठाऊक होतं. तरी बाई एका शब्दालाही अडखळली नाही.

उत्तरं भराभर आली. चमच्यानं भरवा. काठाची थाळी घ्या. पोळी दुधात कुस्करून द्या. बाजारात वाकडा चमचा मिळतो. लाज सोडायला सांगा. अक्का एकेकाला विचारत गेल्या, करून बघितलंय का ऐकलंय? सगळ्यांनी ऐकलेलं. चमच्याचं तर अण्णांनी कधीच सांगून टाकलं होतं, मी काय तान्हा आहे का म्हणून. संध्याकाळी सांगोल्याकडच्या एका माणसाचा आवाज आला, घोगरा, थांबून थांबून बोलणारा. "अक्का, म्या करून बघितलंय. अकरा वर्सं करतोय. कडबा कुट्टीच्या मशिनीत उजवा हात गेला माझा. हात शिकतोय ओ, हाताचं काय न्हाय. पर तुमी आधी सोता आठ दिस डाव्या हातानं जेवा. मग मालकांशी बोला. तवर त्यांना एक शब्द सांगू नका."

तोवर एकला आणि सातला दार पुन्हा लागायला लागलं होतं आणि अण्णा आत घास घेत होते. दसऱ्याचं पारणं अक्कांनी डाव्या हातानं केलं. उजवा हात पदरात बांधून घेतला, कारण तो आपोआप पुढं यायचा. सोनं द्यायला आलेल्या शेजारणींनी दारातून बघितलं आणि तोंडाला पदर लावला. सणाच्या दिवशी, पुरणाच्या ताटावर, हे काय. मीही म्हटलं, अक्का, निदान आजचा दिवस तरी. "आज त्यांनी खाल्लं का उजव्या हातानं?" त्यांचं पुरण लुगड्यावर पडलं, आमटी मनगटावरून कोपरापर्यंत गेली, भाकरी मोडायला गेलं की पूर्ण भाकरीच ताटातून उठायची. तिसऱ्या दिवशी त्यांनी ताट ढकललं आणि मला म्हणाल्या, "गं, लई राग येतोय बघ. ह्यांना सात महिने कसं झालं आसंल?" मग ताट पुन्हा पुढं ओढलं.

आठ दिवस झाल्यावर त्यांनी ग्रुपला हुकूमच सोडला. ज्यांनी ज्यांनी उपाय सांगितलाय त्यांनी एक जेवण डाव्या हातानं करायचं आणि कसं झालं ते बोलून पाठवायचं. मला वाटलं, कोण करतंय. पण लोकांनी केलं. एवढं सगळ्यांचं ऐकून घेणारी बाई, तिला नाही कोण म्हणणार. पुण्याकडच्या एक बाई म्हणाल्या, "अक्का, वरण थेट बांगड्यांत गेलं हो." एक मास्तर सांगत होते आणि मागं त्यांची बायको खो खो हसत होती. ते टाकीवाले निवृत्त गृहस्थ म्हणाले की अर्ध्यात सोडलं, नंतर स्वतःचीच लाज वाटली म्हणून पुन्हा बसलो. हे सगळं ओट्यावरून मोठ्या आवाजात चालायचं आणि मधली भिंत चार इंची.

चौथ्या की पाचव्या दिवशी एक जण सांगत होता, भाकरी ताटाच्या कडेला टेकवून मोडून बघितली, तरी सटकते. तेवढ्यात पलंगावरून आवाज आला. तो गल्लीच्या टोकापर्यंत जाणारा आवाज, सात महिन्यांत पहिल्यांदा. "अरे, कडंला कशापायी घेतो! मधी घे म्हणावं त्याला. करंगळी आन तिच्या शेजारचं बोट दाबून धर, आन अंगठ्यानं मोड."

अक्का तशाच पिठाच्या हातानं बैठकीत गेल्या. मी जिन्यावरून दारापर्यंत आले. अक्का पलंगापाशी उभ्या राहिल्या आणि नवऱ्याला विचारलं, अगदी ग्रुपवर कुणालाही विचारावं तसं, "करून बघितलंय का ऐकलंय?"

अण्णांनी तोंड खिडकीकडं केलं. म्हणाले, "करून बघितलंय. तू देवीला जायचीस तवा. डब्यातली शिळी भाकरी."

अक्कांनी माईकवर अंगठा दाबला आणि मोबाईल त्यांच्या तोंडापुढं धरला. "मग तुमीच सांगा त्यांना." पिठाचा अंगठा काचेवर उठला होता. अण्णांनी घसा खाकरला. पदर नव्हता म्हणून त्यांनी डाव्या हातानं टोपी सारखी केली, आणि सांगितलं. मी वर जाऊन तोंडावर पाणी मारून घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून दुपारी एकला दार उघडं राहिलं. गल्लीतलं कोणी येता-जाता आत डोकावलं तरी अण्णांचा हात थांबायचा नाही, कान मात्र लाल व्हायचे. सांगोल्याचा माणूस रोज विचारायचा, आज कसं? अण्णा त्याला स्वतः उत्तर द्यायचे. दिवाळीत जवळच्या तेरखेड्यात बनलेल्या फटाक्यांनी आकाश फाटत होतं आणि खाली हे दोघं समोरासमोर बसून डाव्या हातानं करंज्या खात होते. मला हसू आवरेना. अक्का म्हणाल्या, "हसती काय, बस." मी बसले आणि माझी करंजी फुटून सारण मांडीवर सांडलं.

लग्न तेरला, तात्यांच्या घरापुढच्या मांडवात. अक्कांनी मलाही नेलं. अक्षता पडल्या आणि तात्या लगबगीनं आले. माणूस मायेचाच, शंका नाही. "अण्णा, तुमची आत खोलीत सोय केलीया. टेबल मांडलंय. निवांत बसा." अण्णांनी अक्कांकडं बघितलं. अक्कांनी तात्यांना विचारलं, "भाऊजी, पंगत कुठं बसतीया?"

पहिल्या पंगतीत भिंतीशी अण्णांना बसवलं. समोरच्या ओळीत आम्ही बायका. अक्का बसल्या नाहीत. पदर खोचून खांबापाशी उभ्या राहिल्या. पत्रावळी मांडल्या, पुरी, भाजी, बुंदी, वरण आलं, देवाच्या नावाचा गजर झाला, आणि अण्णांनी डावा हात पुढं केला. ते बोलणं भावकीतल्या प्रत्येकानं ऐकलेलं होतं. इतकी माणसं एकाच वेळी इतकं मन लावून आपापल्या पत्रावळीकडं बघताना मी पुन्हा कधी पाहिली नाहीत.

जमलं. पुरी मोडली, भाजी उचलली, घास तोंडात गेला. फक्त वेळ लागत होता. दुसऱ्यांचे चार घास व्हायचे तेव्हा त्यांचा एक. आणि आमच्याकडं पंगत एकदम उठते. एक जण जरी जेवत असला तरी बाकीच्यांनी हात सुकवत बसायचं, मधून कुणी उठायचं नाही. ओळीतल्या सगळ्यांचं झालं, भात-ताकासकट झालं, बोटं चाटून झाली. मागं दुसऱ्या पंगतीची माणसं उभी, दुपारचे तीन वाजायला आलेले, लेकरं किरकिर करायला लागलेली. पाच मिनिटं गेली. दहा गेली. मागून कोणीतरी म्हणालं, "चला, उठा की आता, किती येळ." त्याला बिचाऱ्याला ओळीच्या टोकाला कोण जेवतंय ते दिसत नव्हतं.

अण्णांचा हात थांबला. अर्धी पुरी समोर होती, आणि भात तर त्यांनी अजून घेतलाच नव्हता. भात त्यांना जमत नव्हता. घरी दोन-तीनदा बघितला होता, डाव्या हातात तो टिकत नव्हता, आणि लग्नात भात घ्यायचाच नाही असं दोघांचं ठरलं होतं. मला एवढंच दिसत होतं की हा माणूस आत्ता उठला तर पुन्हा कुठल्याही पंगतीला बसणार नाही. त्यांनी डावा हात पत्रावळीवर ठेवला, जसा माणूस उठायच्या आधी ठेवतो. अक्का खांबापासून हलल्या नाहीत.

अण्णांनी मान वर केली आणि म्हणाले, "भात आणा."

वाढपी भाताची परात घेऊन उभा होता, तो आधी मागच्या गर्दीकडं बघायला लागला. अक्का पुढं गेल्या आणि त्याच्या हातातून परात काढून घेतली. अण्णांच्या पत्रावळीवर भात वाढला, मागून वरण घातलं. मग शेजारच्या पाव्हण्यांच्या पत्रावळीवर वाकल्या.

"नको नको, वहिनी, माझं झालंय पोटभर."

"बसलाच हायेत न्हवं?" अक्का म्हणाल्या. "मग घ्या दोन घास. नुसतं काय बसायचं."

त्यांनी वाढला. मग त्याच्या पुढच्याला. मग त्याच्या. पुरुषांच्या पंगतीत बाई वाढत नाही आमच्याकडं, पण थांबवायला कुणी उठणार कसं, पंगत तर बसलेली. सबंध ओळ संपवून अक्का आमच्या बाजूला वळल्या. माझ्यापाशी आल्या तेव्हा मी म्हटलं, अक्का, मला खरंच नको, तडस लागलीय. त्यांनी ऐकलं नाही. परात कंबरेवर टेकवली, दोन मुठी भात माझ्या पत्रावळीवर ठेवला आणि पुढं गेल्या. मी कालवायला घेतला.

समोर अण्णा जेवत होते. निम्मा भात खाली पडत होता, निम्मा तोंडात जात होता, आणि त्यांना कसलीही घाई नव्हती. त्यांच्या शेजारी ओळच्या ओळ पुन्हा जेवायला लागली होती. मागं उभी असलेली माणसं थोडा वेळ बघत राहिली, मग एकेक करून मांडवाच्या सावलीला जाऊन बसली.